समज देणे आणि समजावणे

गेल्या पेसाहनंतरच्या पहिल्या शुक्रवारी आमच्या बहिणीची नात सनीव्हेल येथील आमच्या घरी आली, ती कागदांची एक चळत घेऊनच. ही मुलगी मानसशास्त्राचा अभ्यास करीत आहे. आईबापांची मुले वाढविण्याची रीत मोजण्यासाठी अमेरिकेत ज्या प्रश्नावल्या वापरल्या जातात, त्यांपैकी एकीचे तिने मराठीत भाषांतर केले होते. आम्ही ते मराठी वाचून पुन्हा इंग्रजीत आणावे, अशी तिची विनंती होती. "पण आजोबा, एक अट आहे हं," ती म्हणाली, "मूळ इंग्रजी तुम्ही पाहायचं नाही, आणि अडलं तरी मला विचारायचं नाही." आम्ही ठाण्याच्या मराठी शाळेत शिकलेलो, आणि पुढे सारी नोकरी इंग्रजीत केलेली, तेव्हा हे दोन संध्याकाळचे काम आहे असे समजून आम्ही होकार दिला. प्रत्यक्षात त्यास पाच आठवडे लागले, आणि त्यांपैकी भाषांतराचा आठवडा एकच होता.

प्रश्न वरवर सोपे दिसत होते. प्रत्येक वाक्यात आईबाप काय करतात ते लिहिलेले, आणि समोर पाच घरे: नेहमी, बहुधा, कधीकधी, क्वचित, कधीच नाही. त्यांतील एक वाक्य असे होते: 'घरातील नियमांबद्दल मी मुलाला समज देतो.' आम्ही त्याचे इंग्रजी केले ते 'नियमांबद्दल मी मुलाला ताकीद देतो' अशा अर्थाचे. नंतर मूळ कागद शेजारी ठेवून पाहिला, तर तेथे आशय होता, नियम कशासाठी आहेत याची कारणे मी मुलाला समजावून सांगतो. मराठीत साहेब कारकुनास समज देतो, फौजदार दारुड्यास समज देऊन सोडून देतो; त्यात कारण सांगण्याचा भाग औषधालाही नसतो. 'समज' या शब्दाने आमच्या नातीस चकविले होते. हा दोष हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता, कारण जो बाप मुलास रोज दरडावतो तो या वाक्यापुढे प्रामाणिकपणे 'नेहमी' अशी खूण करील, आणि गुण मोजणारा त्यास कारणे समजावून सांगणारा आदर्श पिता ठरवील.

पुढे असे खड्डे बरेच लागले. 'मुलाला' हाच शब्द घ्या. 'मूल' आणि 'मुलगा' या दोहोंचे रूप विभक्तीत एकच होते. ज्यांना एक मुलगा व दोन मुली आहेत अशा एका बाईंनी सारी प्रश्नावली केवळ मुलास डोळ्यांपुढे ठेवून भरली, आणि मुलींचे काय, असे विचारले तेव्हा म्हणाल्या, "मुलींचं कुठं विचारलंय?" 'बहुधा' या शब्दाने तर आम्हांसच पेचात टाकले. आम्ही त्याचा अर्थ घेतला, बहुतेक वेळा. पलीकडच्या घरातील पुण्याहून आलेल्या तरुण जोडप्याने घेतला, कदाचित. दोन्ही अर्थ मराठीत चालतात. एकाच घरात केलेली एकच खूण, पण एकाने कबुली दिलेली आणि दुसऱ्याने शंका व्यक्त केलेली.

'वळण' या शब्दाची गोष्ट निराळी. मुलाला चांगले वळण लावतो, असे वाक्य तिने घातले होते, आणि त्याचे इंग्रजी करता करता आमची रात्र गेली. पाटीवर गिरवून अक्षरास वळण लागते, तसेच मुलास लागते. त्यात शिस्त आहे, सवय आहे, वडिलांचे पाहून उचलणे आहे, आणि हात धरून गिरवून घेणाऱ्याची मायाही आहे. इंग्रजीत यासाठी चार शब्द लागतात, आणि चारही अपुरे पडतात. आम्हांस वाटले, हे वाक्य सर्वांत उत्तम. नातीने ते खोडून टाकले. तिचे म्हणणे असे, की वळण लावत नाही, असे कोण मराठी आईबाप कबूल करील? ज्या प्रश्नास सारेच 'नेहमी' म्हणणार, तो प्रश्न माणसामाणसांतील काहीच फरक दाखवीत नाही. तो मोजपट्टीवरून गेलेलाच बरा. शब्दावर आमचा जीव होता, पण तिचे खरे होते.

भाषांतर परत मूळ भाषेत आणून तपासण्याची ही रीत रिचर्ड ब्रिस्लिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1970 साली एका निबंधात मांडली, आणि तेव्हापासून ती या क्षेत्रात रुळली आहे. आपल्या समाजास भाषांतर नवे नाही. 1846 साली मुंबईस मराठी भाषांतरासह हगादा छापला गेला, 1874 साली पुण्यास दुसरा, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी तर आपले आयुष्यच हिब्रूतील ग्रंथ मराठीत आणण्यात वेचले. पण त्या भाषांतरात आणि या भाषांतरात एक अंतर आहे. हगाद्यात हिब्रू मजकूर मराठीच्या सोबतीस असतो, मेजाशी घरातील वडील बसलेले असतात, आणि कोणास एखादा शब्द अडला तर तो तेथल्या तेथे सुटतो. प्रश्नावली भरणारा एकटा असतो. त्याच्यापुढे मूळ नसते, आणि आपण शब्द चुकीचा घेतला हे त्यास कधी कळतही नाही.

याचे परिणाम कोठवर जातात, ते या राज्याने पाहिले आहे. आमच्या घरापासून मोटारीने थोड्याच अंतरावर स्टॅनफर्ड विद्यापीठ आहे. तेथील ल्यूइस टर्मन यांनी 1916 साली फ्रान्समधील बिने यांच्या बुद्धिमापन चाचणीची सुधारलेली आवृत्ती प्रसिद्ध केली. पुढे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी तीच चाचणी आपल्याकडील मुलांसाठी कानडी व मराठीत बसविली, आणि 1940 साली त्यांचे 'मेझरिंग इंटेलिजन्स ऑफ इंडियन चिल्ड्रन' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. कामतांनी नुसते शब्द पालटले नाहीत; आपल्याकडील मुलांना कोणता प्रश्न कोणत्या वयात सुटतो, हे मुलांना बसवून पाहिले. इकडे खुद्द कॅलिफोर्नियात मात्र तसे झाले नाही. दक्षिणेकडील मॉन्टेरे परगण्यात स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांची बुद्धी इंग्रजीतून मोजली गेली आणि त्यांना मतिमंदांच्या वर्गात बसविण्यात आले. अशा नऊ मुलांच्या वतीने राज्याच्या शिक्षण मंडळावर खटला झाला. पुन्हा स्पॅनिशमधून तपासले तेव्हा त्यांतील बहुतेक मुले त्या वर्गात बसण्याजोगी नव्हतीच. 1970 साली तडजोड होऊन मुलांची परीक्षा त्यांच्या घरच्या भाषेतही घेतली जावी, असे ठरले. परभाषेच्या मुलुखात मुले वाढविणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही हकीकत ध्यानात ठेवावी. शाळेतील समुपदेशक असो वा बालरोगतज्ज्ञ, एखाद्या दिवशी आपल्या हाती असाच कागद येतो, आणि त्यावरील खुणांवरून आपल्या घराविषयी मत बनते.

असो. भाषांतर दुरुस्त झाल्यावर दुसरा टप्पा आला. ज्यांच्यासाठी प्रश्नावली आहे, त्यांच्यापुढे एकेक वाक्य वाचावयाचे आणि उत्तर न विचारता 'यातून तुम्हांला काय समजले?' एवढेच विचारावयाचे. आमच्या घरी मलिद्याचा कार्यक्रम होता. एलियाहू हन्नाबीच्या नावाने प्रार्थना झाली, गोड पोह्यांचे व फळांचे वाटप झाले, आणि मंडळी जावयास निघण्यापूर्वी नातीने आठ वडीलधाऱ्यांना थांबवून घेतले. अलिबाग, पेण, रेवदंडा, मुंबई अशा गावांहून निघून, कोणी इस्राएलमार्गे तर कोणी थेट, या खोऱ्यात येऊन पोहोचलेली ही माणसे.

पहिला वाद निघाला तो माया दाखविण्याच्या प्रश्नांवर. मुलाला मिठी मारतो का, तोंडाने प्रेम बोलून दाखवितो का, असे प्रश्न होते. रेवदंड्याचे एक गृहस्थ म्हणाले, "आमच्या बापाने आम्हांला कधी उचलूनसुद्धा घेतले नाही. आजोबांसमोर स्वतःचे पोर कडेवर घ्यायचे म्हणजे निर्लज्जपणा. आम्हांला खांद्यावर बसवायचा तो काका, आणि काकाच्या पोरांना आमचा बाप." यावर सर्वांनी माना डोलावल्या. म्हणजे त्या घरात पोर दिवसभर कोणाच्या ना कोणाच्या कडेवरच असे, परंतु प्रश्नावली ज्या एका बापास विचारते, त्याच्या घरात 'कधीच नाही' अशी खूण पडणार. दुसऱ्या एका बाईंनी विचारले, "आणि हातबोशी? ती यात धरायची की नाही?" प्रार्थनेनंतर वडिलांच्या हातांना हात लावून आपली बोटे ओठांशी नेण्याचा आपला रिवाज मिठीत मोडतो की नाही, याचे उत्तर नातीजवळ नव्हते. तिने ते लिहून घेतले.

आम्ही तेव्हा फार तावात आलो होतो, हे कबूल केले पाहिजे. या साऱ्या प्रश्नावल्यांचे मूळ डायना बाउमरिंद यांच्या संशोधनात आहे. न्यूयॉर्कच्या ज्यू कुटुंबात जन्मलेल्या या बाईंनी खाडीपलीकडे बर्कली येथे बालवाडीतील मुले व त्यांचे आईबाप यांचा अभ्यास करून 1966 ते 1971 या काळात तीन प्रकार सांगितले: नुसत्या हुकमाचे, धाक ठेवूनही कारण सांगणारे व ऐकून घेणारे, आणि सर्व मोकळीक देणारे. पहिल्या दोहोंची इंग्रजी नावे, ऑथॉरिटेरियन आणि ऑथॉरिटेटिव्ह, इतकी सारखी आहेत की इंग्रजी वाचकही गोंधळतो. मराठीत तर दोन्ही 'अधिकार' या एकाच शब्दात जाऊन पडतात. यांतील मधला प्रकार उत्तम, असे त्यांना आढळले. आम्ही त्या सभेत बोललो ते असे, की या मापाने आपले सारे पूर्वज पहिल्या कप्प्यात जातील, आणि हे माप आपल्यासाठी नाहीच. आमच्या बाजूने पुरावाही होता. रूथ चाओ यांनी 1994 साली कॅलिफोर्नियातील चिनी मातांविषयी हेच दाखविले होते, की चिनी भाषेतील 'गुआन' या शब्दात ताब्यात ठेवणे आणि जीव लावणे दोन्ही आहे, आणि गोऱ्या कुटुंबांवरून बेतलेल्या प्रश्नांत त्याचा अर्धाच भाग दिसतो. आम्ही म्हणालो, आपल्या 'धाक' आणि 'वळण' या शब्दांचे तसेच आहे. मंडळींना ते पटले. रेवदंड्याच्या गृहस्थांनी आमच्या पाठीवर थाप मारली.

नातीने शांतपणे पुढचे वाक्य वाचले: 'मूल ऐकत नाही तेव्हा मी त्याला मारतो.'

या वाक्यात कोणासच काही अडले नाही. त्याचे इंग्रजी आम्ही केले होते ते मुळाशी तंतोतंत जुळले होते. आठही जणांनी त्याचा एकच अर्थ सांगितला. कोणी म्हणाले नाही, की आमच्याकडे याचा अर्थ निराळा आहे. एक बाई चहाचे कप उचलू लागल्या.

त्यानंतर जे झाले ते आमच्या घरातले आहे. जॉन बुरी नावाच्या संशोधकाने 1991 साली तीस वाक्यांची एक प्रश्नावली केली होती, ती आईबापांनी भरावयाची नसून वाढून मोठ्या झालेल्या मुलांनी आपल्या आईबापांविषयी भरावयाची असते. आमच्या नातीनेही आपल्या प्रश्नावलीचे असे दुसरे रूप केले होते, कारण एकाच घराविषयी दोघांनी दिलेली उत्तरे जुळतात का, हे तिला पाहावयाचे होते. आमचा मुलगा सॅन होझेस राहतो. तो मराठी बोलतो, परंतु वाचताना अडखळतो. त्याने इंग्रजी कागद भरला. आमचा कागद आम्ही मराठीत भरला होता. त्याच्या संमतीने नातीने दोन्ही आमच्यापुढे ठेवले.

मारण्याविषयी आम्ही 'क्वचित' म्हटले होते, त्यानेही तेच. मायेविषयी आम्ही, सभेतील आपलेच भाषण आठवून, 'क्वचित' म्हटले होते, त्याने 'नेहमी'. हे वाचून आम्ही काही वेळ गप्प राहिलो. कारणे समजावून सांगण्याविषयी, दुरुस्त केलेल्या वाक्यापुढे, आम्ही विचार करून 'बहुतेक वेळा' अशी खूण केली होती. त्याने 'कधीच नाही' अशी केली होती.

आम्ही प्रथम भाषेस दोष दिला. मग त्यास दूरध्वनी केला. तो म्हणाला, "पप्पा, सायन्स कॅम्प आठवतो?"

आम्ही 1979 साली सनीव्हेलला आलो. 1985 साली येथील सेमीकंडक्टरच्या धंद्यात मंदी आली आणि आमची नोकरी गेली. मुलगा तेव्हा सहावीत होता. त्या इयत्तेची मुले आठवडाभर सांताक्रूझच्या डोंगरात शिबिरास जातात, त्याचे पैसे भरावयाचे होते. आम्ही 'नाही' म्हणालो. त्याने 'का' विचारले. आम्ही म्हणालो, नाही म्हणजे नाही. तिसऱ्यांदा त्याने 'का' विचारले, तेव्हा त्यास एक चपराक बसली. बसली, असे आम्ही सवयीने लिहिले. आम्ही ती मारली. शिबिराचे पैसे नाहीत, हे अकरा वर्षांच्या मुलास सांगावयास आम्हांस लाज वाटली होती. शाळेकडे सवलत मागता आली असती, तीही आम्ही मागितली नाही. आमच्या समजुतीप्रमाणे मुलास पुढे सारे आपोआप कळले होते. तो म्हणाला, "तुमचा माझ्यावर विश्वास नाही असं मला वाटायचं, पप्पा. पैशाचं मला आत्ता कळतंय." तो आज पन्नाशी ओलांडलेला गृहस्थ आहे.

आणि माया? आम्ही त्यास तेही विचारले. विचारताना अवघडल्यासारखे झाले. तो म्हणाला, पोहण्याच्या सरावाला पहाटे सोडून तुम्ही गाडीत बसून राहायचा, घरी जायचा नाहीत. आणि शुक्रवारी रात्री हातबोशीच्या वेळी तुम्ही माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवायचा. प्रश्नावलीत यांपैकी काहीही नव्हते. तरी त्याने 'नेहमी' लिहिले होते. ज्या प्रश्नांवर आपल्या समाजाची बाजू घेऊन आम्ही भांडलो, तेथे मुलाने आम्हांस भरघोस गुण दिले. ज्या प्रश्नाचे भाषांतर आम्ही स्वतः दुरुस्त केले, तेथे शून्य. नातीने 'समजावणे' या अर्थी 'समज देणे' कोठून उचलले असेल, याचाही आम्ही विचार केला. ती मराठी शिकली ती आमच्या बहिणीच्या घरात आणि आमच्या. आमच्या घरांत दोन्ही शब्दांचे काम एकाच शब्दाने भागत असे.

तिच्या कामाचे म्हणाल, तर ते अजून निम्मेही झालेले नाही. आता आकडेमोड आहे. एकाच गोष्टीविषयी विचारलेल्या दहा प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी मेळ खातात का, हे पाहण्याचे जे गणित ली क्रॉनबाख यांनी 1951 साली मांडले, ते करावे लागेल. हे क्रॉनबाखही पुढे स्टॅनफर्डलाच प्राध्यापक झाले. या मेळास विश्वसनीयता म्हणतात; यथार्थता ती निराळी. ज्यांनी आपल्याकडील रेल्वे स्थानकांवर नाणे टाकून वजनाचे तिकीट काढले आहे, त्यांना हा भेद चटकन कळेल. दर वेळी नेमके दोन किलो जास्त दाखविणारे यंत्र विश्वसनीय असते. तुमचे वजन मात्र ते सांगत नाही. उत्तरांचा मेळ कितीही चांगला बसला, तरी 'समज देतो' या वाक्यातील चूक त्या गणितास दिसलीच असती असे नाही. ती माणसांस विचारूनच सापडते.

गेल्या आठवड्यात तिने आणखी एक वाक्य विचारले. आपली चूक झाल्यास मी मुलाची माफी मागतो, असे मुळात आहे. 'माफी' हा शब्द तिला जड वाटत होता. कोर्टकचेरीतला किंवा योम किप्पूरच्या प्रार्थनेतला. बापाने मुलाची माफी मागावयाची, हे वाचून लोक हसतील आणि सरसकट 'कधीच नाही' लिहितील, ही तिची भीती रास्त होती. आम्ही सुचविले, 'माझे चुकले, असे मी मुलाला सांगतो.' हे शब्द मुलाशी बोलताना आम्ही आदल्याच रविवारी वापरून पाहिले होते. त्यास ते नीट समजले.

प्रश्नावली तपासण्यास दोनएकशे तरी आईबाप हवेत. या खोऱ्यातील आपली घरे त्यास पुरणार नाहीत, म्हणून ती इतर मराठी कुटुंबांकडे आणि इस्राएलमधील आपल्या नातलगांकडेही जाणार आहे. आपल्या वाचकांपैकी ज्यांना पाऊण तास देणे शक्य असेल, त्यांनी संपादकांमार्फत कळवावे. कागदावर नाव घालावयाचे नाही. मुले मोठी झालेली असल्यास त्यांनाही दुसरा कागद द्यावा, आणि तो त्यांनी वेगळ्या खोलीत बसून भरावा.